चार जणांनी धरलेले मूल

रविवारची संध्याकाळ. पाच वर्षांचा मुलगा ओट्यावरून पडलेला, कपाळावर दीड इंचाची खोक. आई रडते आहे, वडील ‘डॉक्टर, लवकर उरका’ म्हणत आहेत. पुढे काय होते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मुलाला चादरीत गुंडाळायचे, एकाने पाय, एकाने हात, एकाने डोके धरायचे, चौथ्याने ‘झालं, झालं’ म्हणत राहायचे आणि डॉक्टरांनी टाके घालायचे.

उमेदीच्या काळात मीही असे कितीतरी टाके घातले. जखमा छान भरल्या, त्यावर मी खूश होतो. सहा महिन्यांनी हाच मुलगा तापासाठी आला आणि मला पाहताच दारातच त्याची चड्डी ओली झाली. कपाळावरचा व्रण जेमतेम दिसत होता. आपण टाके नीट घातले, पण मुलाला नीट वागवले नाही, हे मला त्या दिवशी कळले.

‘लहान आहे, उद्या विसरेल’ असे आपण सहज म्हणतो. एके काळी नवजात बाळांना वेदना फारशा कळत नाहीत, असे डॉक्टरही मानत. १९८७ साली डॉ. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि नंतरचा त्रासही कमी होतो. तेव्हा वेदना सहन करणे हे मुलाचे काम नव्हे, ती कमी करणे हे आपले काम आहे.

यावर एक उपाय म्हणजे तोंडाने द्यायचे गुंगीचे औषध. यात मिडाझोलाम हे औषध बरेच वापरले जाते. चव कडू, म्हणून गोड सिरपातून देतात. वीस ते तीस मिनिटांत मूल सैलावते, भीती कमी होते आणि झालेला प्रकार पुष्कळदा त्याला आठवतही नाही. ही पूर्ण भूल नव्हे. मूल हाकेला ओ देते. मात्र हे औषध वेदना थांबवत नाही. जखमेची जागा बधिर करण्याचे इंजेक्शन द्यावेच लागते. गुंगी आली म्हणून ते टाळणे हा अन्याय आहे. काही मुले तर या औषधाने शांत होण्याऐवजी उलट चिडतात, हेही पालकांनी आधीच जाणून असावे.

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन वर्षांची एक मुलगी धावतपळत आणली गेली. दुसरीकडे गुंगीचे सिरप देऊन टाके घातले होते आणि लगेच घरी सोडले होते. मोटारसायकलवर आईवडिलांच्या मध्ये बसलेली असताना तिची मान छातीवर पडली आणि श्वासाची वाट दबली. आईचे ओठांकडे लक्ष गेले, ते निळसर दिसले, म्हणून पोर वाचली. हनुवटी वर उचलून ऑक्सिजन दिल्यावर रंग परतला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जिथे मुलांना टाके घातले जातात, तिथे ही सोय असलीच पाहिजे. पण अर्धवट सोय नको. मुलाचे वजन करूनच मात्रा ठरवावी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, जो कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचला, तो लावलेला असावा. ऑक्सिजन व श्वास देण्याची पिशवी हाताशी असावी. टाके घालणाऱ्याखेरीज एक जण फक्त मुलाकडे पाहणारा हवा. मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे. ट्रायक्लोफॉस या दुसऱ्या गुंगीच्या सिरपावर तसा उतारा नाही. एवढी तयारी नसेल, तर गुंगीचे औषध देऊच नये. आईच्या मांडीवर बसवून, गोष्ट सांगत, जागा नीट बधिर करून बरेच काम होते.

‘एवढ्या गर्दीत अर्धा तास कुठून आणायचा?’ असे माझे व्यवसायबंधू विचारतील. प्रश्न खरा आहे. पण औषध लागू पडेपर्यंत दुसरा रुग्ण तपासता येतो. रक्त थांबलेली साधी जखम अर्ध्या तासाने बिघडत नाही.

पालकांना माझी विनंती: मूल शेवटचे कधी आणि काय जेवले-प्यायले, ते नीट सांगा. ते घोरत असेल, टॉन्सिल मोठे असतील, दमा किंवा खोकला असेल, तर आधी बोला. शांत राहावे म्हणून घरातले सर्दीचे किंवा झोपेचे औषध पाजून आणू नका. पाजले असेल तर लपवू नका. औषधाची मात्रा मी इथे मुद्दाम लिहिलेली नाही. हे औषध घरी द्यायचे नाही. मूल पूर्ण जागे होऊन नीट बसेपर्यंत दवाखाना सोडू नका आणि त्या दिवशी त्याला दुचाकीवर नेऊ नका.

आणि पुढच्या वेळी ‘लवकर उरका’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘डॉक्टर, याला भीती वाटू नये म्हणून काय करता येईल?’ हा प्रश्न मला तरुणपणी कोणी विचारला असता, तर तो मुलगा माझ्या दारात निर्धास्त उभा राहिला असता.