काहीच घडत नाही?

शांताल आकेर्मान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमान' १९७५ साली कान महोत्सवात दाखवला तेव्हा अनेक प्रेक्षक मध्येच उठून गेले. २०२२ साली ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तोच पहिला आला. बाईने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला हा मान प्रथमच मिळाला. तक्रार मात्र जुनीच. तीन तास एकवीस मिनिटं, आणि काहीच घडत नाही!

घडत नाही कसं? ब्रुसेल्समधली एक विधवा तीन दिवस बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते, मुलाचे बूट पुसते. दुपारी एक गिऱ्हाईक येतं; त्याचे पैसे जेवणाच्या टेबलावरच्या भांड्यात पडतात. एरवी सिनेमातली बाई स्वयंपाकघरात शिरली की पुढच्या दृश्यात ताट वाढलेलं असतं. इथे कॅमेरा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजून वाया जातात, तर आपल्याच छातीत धस्स होतं.

"रोज हेच करते, पुन्हा बघू कशाला?" असं एखादी म्हणाली तर तिला चित्रपट कळला नाही असं मी म्हणणार नाही. तिचा कंटाळा कामातून आलेला आहे. पण ज्याने जन्मात बटाटा सोलला नाही, त्याला कशाचा कंटाळा आला?