श्रद्धेंतील ओलावा

शास्त्राच्या तासास वचनें पाठ होतात, परीक्षेंत गुणही मिळतात. परंतु पाठ झालेलें वचन अंतःकरणांत उतरलें कीं नाहीं, हें कोणत्याही परीक्षकास कळत नाहीं. प्रार्थना करतांना एखाद्याचा कंठ दाटून आला तर आपल्यापैकीं पुष्कळजण संकोचतात. भावना क्षणिक, श्रद्धा विचारावर उभी असावी, असें ते म्हणतात. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तरी आमचें मत असें कीं, ज्या श्रद्धेनें हृदय हललें नाहीं ती अजून उंबरठ्याबाहेरच उभी आहे.

पंडिता रमाबाईंचेंच पाहा. ह्या विदुषीनें १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, आणि धर्ममतांच्या बारीकसारीक मुद्द्यांवर आपल्या इंग्रज गुरुजनांशींही त्या निर्भयपणें वाद घालीत राहिल्या. बुद्धीची उणीव तेथें नव्हतीच. तरीही धर्म हातीं आल्यावर खुद्द ख्रिस्ताची ओळख पटण्यास आणखी आठ वर्षें लागलीं, अशी कबुली त्यांनींच पुढें देऊन ठेवली आहे. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत संजीवनाची लाट आली. मुली मोठ्यानें रडत, पापें कबूल करीत, तासन्‌तास प्रार्थना करीत. कित्येकांनीं नाकें मुरडलीं. रमाबाईंनीं तो ओघ दडपला नाहीं. परंतु मुक्तींत नुसतें रडणें चाललें नव्हतें. दुष्काळांतून वांचविलेल्या मुली तेथें विणकाम, शेतकाम शिकत होत्या. रमाबाई स्वतः हिब्रू व ग्रीक ग्रंथ समोर ठेवून १९२२ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत बायबलाचें सोपें मराठी भाषांतर करीत होत्या. रडणारे डोळे आणि छापखान्यांत खिळे जुळविणारीं बोटें एकाच आवारांतलीं होतीं.

विष्णुपुरीच्या माणसास हें वेगळें सांगावयास नको. गोदावरी अडवून जलाशय भरला, तरी पंपांनीं पाणी उचलून कालव्यांत चढविल्यावांचून शेत भिजत नाहीं. पण जलाशयच कोरडा असेल तर पंप काय उचलणार?

भाव मोकळा होण्यास भाषाही आपली लागते. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते अभिमानानें सांगत. मराठी भजन व कीर्तन त्यांनीं उपासनेंत आणलें. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग आल्या नाहींत; स्वतःच्या मनाची साक्ष पटल्यावर, १९०० सालीं आल्या, आणि पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांनींच पुरें केलें. आमच्या नांदेडास हुजूरसाहेबांत रोज कीर्तन चालतें, आषाढींत दिंड्या निघतात. अशा मुलखांतील ख्रिस्ती मूल उपासनेंत ओठही न हलवितां बसावें, हें आम्हांस खटकतें.

ह्यांत दोष मुलांचा थोडा, वडीलधाऱ्यांचा अधिक. पालकांनीं सायंकाळीं मुलास पाठ केलेली प्रार्थना अवश्य म्हणूं द्यावी, परंतु एखादें वाक्य त्याच्या स्वतःच्या शब्दांतही बोलूं द्यावें. तें अडखळलें तरी मध्येंच सुधारूं नये. त्यानें आजारी शेजाऱ्याचें नांव घेतलें, तर दुसऱ्या दिवशीं त्या घरीं भाकरी पोंचविण्यास त्यालाच पाठवावें.