सातबाऱ्यावरचे माहेर

जालना जिल्ह्यात वारशावरून जो अन्याय घडतो, तो बहुधा मृत्युपत्रातील मजकुरामुळे नव्हे, तर मृत्युपत्र नसताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेतल्या जाणाऱ्या सह्यांमुळे घडतो. म्हणून वारसा आणि न्याय यांना वाहिलेल्या या दिवाळी अंकाच्या आरंभी मृत्युपत्राइतकाच हक्कसोडपत्राचा विचार करणे भाग आहे. हक्कसोडपत्र म्हणजे एका सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात सोडून दिल्याचा नोंदणीकृत दस्त. कायद्याच्या दृष्टीने तो सर्वस्वी स्वेच्छेचा व्यवहार आहे. प्रत्यक्षात मात्र तो करून देणारी बहुतेक वेळा बहीण असते, लाभ घेणारा भाऊ असतो, आणि कागदावर न येणारा मोबदला म्हणजे तिचे माहेर पुढेही सुरू राहणे हा असतो. जी बहीण सही नाकारते तिची दिवाळी सासरीच होते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे नकाराची वेळच सहसा येत नाही, आणि नकार आला नाही म्हणून संमती होती असे धरले जाते.

‘लग्नात दिले, आता वाटणीत काय’ या युक्तिवादाला शास्त्राचा आधार असल्याचे जे सांगितले जाते, ते मूळ ग्रंथ न पाहता सांगितले जाते. मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील ज्या टीकेवर मराठी मुलखातील एकत्र कुटुंबाचा कायदा उभा राहिला तो ग्रंथ, विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे लिहिला. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, जे 1956 पर्यंत जालन्याप्रमाणेच हैदराबाद राज्यात होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो हा जन्मस्वत्वाचा सिद्धान्त विज्ञानेश्वराने मांडला. पण पित्याच्या पश्चात अविवाहित बहिणीला भावांनी द्यावयाचा चतुर्थांश हा नुसता लग्नखर्च नसून खरोखरीचा हिस्सा आहे, हे प्रतिपादनही त्याचेच. पुढच्या शतकांनी पहिला सिद्धान्त जपला आणि दुसरा लग्नाच्या खर्चात वळता करून घेतला.

आधुनिक कायद्याने हा हिशेब टप्प्याटप्प्याने दुरुस्त केला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 अन्वये, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची विधवा, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस ठरले. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा असलेली व्यक्ती, मानले, परंतु त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले, त्यामुळे एकाच घरातील थोरल्या आणि धाकट्या बहिणीचे हक्क केवळ लग्नतिथीवरून वेगळे झाले. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला, आणि त्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही हाच अधिनियम लागू आहे; मुस्लिम कुटुंबांत शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो, आणि मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता इतर वारसांच्या संमतीवाचून देता येत नाही. या शेवटच्या नियमाकडे इतरांनीही आदराने पाहावे असा तो आहे, कारण मरणाऱ्याच्या मर्जीला त्यात सीमा आहे.

कायदा असा पुढे गेला तरी गावदप्तर मागे राहिले. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्यासाठी राज्य शासनाने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली, यावरूनच किती जमीन मृतांच्या नावावर पडून होती याची कल्पना येते. वारस फेरफार, म्हणजे तलाठ्याने घेतलेली आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली वारसांची नोंद, झाली की बहिणींची नावे सातबाऱ्यावर येतात. आणि कित्येकदा ती येतात तीच लगेच हक्कसोडपत्राने कमी होण्यासाठी. भावंडांमधील अशा वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क अवघे 500 रुपये आहे; 2024 पर्यंत तर ते 200 रुपयेच होते. शासनाचा हेतू कुटुंबांतर्गत व्यवहार सुलभ करण्याचा असला, तरी बहिणीचा हक्क सोडणे इतके स्वस्त आणि मिळवणे इतके महाग असावे, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

मात्र भावाच्या बाजूलाही न्यायाचा एक प्रश्न आहे, आणि तो केवळ लोभ म्हणून उडवून लावणे बरोबर होणार नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळत असताना ज्याने टँकरने पाणी घालून झाडे जगवली, सोसायटीचे कर्ज स्वतःच्या नावावर घेतले आणि आईवडिलांचे दवाखाने केले, त्याला नोकरीनिमित्त पुण्याला गेलेल्या भावाइतकाच वाटा मिळणे हे समान असले तरी न्याय्य असेलच असे नाही. समृद्धी महामार्गासाठी बदनापूर आणि जालना तालुक्यांत जमिनी गेल्या, जालना–नांदेड द्रुतगती मार्गाचीही मोजणी झाली, आणि एरवी कोणी फिरकत नव्हते त्या कोरडवाहू शिवाराला अचानक मावेजा आला, म्हणजे भूसंपादनाची भरपाई आली. जमीन वाटताना बांधावर थांबणारे वाद मावेजा वाटताना न्यायालयापर्यंत जातात, कारण पैशाचे हिस्से करणे सोपे असते आणि त्यात राबणाऱ्याचे कष्ट दिसत नाहीत. वारसा कायदा नाते मोजतो, सेवा मोजत नाही. सेवा मोजण्याचे साधन मृत्युपत्र हेच आहे.

मृत्युपत्र हा आपल्या मृत्यूनंतर मालमत्तेची व्यवस्था कशी व्हावी हे सांगणारा दस्त साध्या कागदावर करता येतो. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, मात्र त्यावर दोन साक्षीदारांची साक्ष आवश्यक असते. वडिलोपार्जित जमिनीचे मृत्युपत्र होऊच शकत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे: एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील फक्त स्वतःच्या हिश्शापुरते ते करता येते, परंतु 1956 नंतर वडिलांकडून वारशाने आलेली त्यांची स्वतंत्र मिळकत मुलाच्या हाती त्याची स्वतंत्र मिळकत ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये चंदर सेन खटल्यात सांगितले, आणि अशी मिळकत पूर्णपणे मृत्युपत्राने देता येते. येथेच धोका आहे. ज्या मुलीला कायद्याने दारातून आत घेतले, तिला मृत्युपत्राच्या खिडकीतून बाहेर काढता येते, आणि ‘मुलींची लग्ने थाटात केली असल्याने त्यांना काही देणे नाही’ हे ठरावीक वाक्य लिहून तसे केलेही जाते. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी वेंकटाचल अय्यंगार खटल्यातील निकालात मृत्युपत्राभोवतीच्या संशयास्पद परिस्थितीचे जे विवेचन केले, त्यानुसार लाभ घेणाऱ्यानेच पुढाकार घेऊन दस्त करविला असेल, किंवा नैसर्गिक वारसांना कारणाशिवाय वगळले असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. म्हणून कमी-अधिक देणाऱ्याने कारण लिहावे, आणि ते कारण हयातीतच, सर्व मुलामुलींना एकत्र बसवून सांगावे; पेटीत बंद ठेवलेले मृत्युपत्र बहुधा न्यायालयातच उघडते. कारण तोंडाने सांगताना जर संकोच वाटत असेल, तर ते कारण तपासून पाहण्याजोगे आहे.

हयातीतच बक्षीसपत्राने सर्व देऊन टाकणाऱ्या वृद्धांसाठी 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील कलम 23 आहे: देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता, देखभाल न झाल्यास, परत मागता येते. अट दस्तातच लिहिलेली असावी एवढी खबरदारी पुरते. पण पोटच्या मुलाला अट कशी घालायची या संकोचापायी नेमकी तीच राहून जाते.

जिवंतपणी वाटून देण्याची एक निराळी परंपराही या प्रदेशाला अपरिचित नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमातून शेतकऱ्यांना जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावावर करण्याचे आवाहन केले, गावेच्या गावे त्यात उतरली, आणि 1992 मध्ये शासनानेही त्याच नावाने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची योजना काढली. पत्नीचे नाव लागले तरी तिच्या पश्चात काय, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. 1956 च्या अधिनियमातील कलम 15 प्रमाणे अपत्यहीन हिंदू विधवेने स्वतः कमावलेली मालमत्ता, मृत्युपत्र नसल्यास, प्रथम तिच्या पतीच्या वारसांकडे जाते. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा होऊन आयुष्यभर माहेरी राहिलेल्या, तिथेच शिकून नोकरी केलेल्या एका स्त्रीची बचत सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये याच कलमाच्या आधारे सासरच्या नातलगांना दिली. अंगणवाडीच्या मानधनातून अंबडला किंवा परतूरला एखादा प्लॉट घेतलेल्या विधवेला तो आपल्या आईला किंवा सांभाळ करणाऱ्या भाचीला जावा असे वाटत असेल, तर त्यासाठी तिला स्वतःचे मृत्युपत्र करावे लागेल, आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.