न दिसणारी गळती
आमच्या जुन्या जीपचं कूलंट दर आठवड्याला कमी व्हायचं, पण जमिनीवर थेंबही नसायचा. पैठण रस्त्यावर बिडकीनला एका मेस्त्रींकडे गाडी लावली. त्यांनी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मगच रेडिएटरचं झाकण काढलं (गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उसळतं, हे जिवावर बेतू शकतं) आणि तिथे हातपंप लावून दाब दिला. पंपावरचा दाब दाखवणारा काटा हळूहळू उतरू लागला. बॅटरीच्या उजेडात वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्राशी हिरवट, खारीसारखा पापुद्रा दिसला. आतलं सील झिजलेलं; झिरपलेलं कूलंट तापल्या इंजिनवरच वाळून जायचं. नुसतं पाणी ओतत राहणं इंजिनाच्या मुळावर आलं असतं. पंप बदलून मेस्त्रींनी पुन्हा दाब दिला. काटा जागचा हलला नाही.