कारच्या एसीचा गॅस ‘संपत’ नाही, गळतो
उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘एसीचा गॅस संपलाय, भरून टाकू.’ पण गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, बहुतेकदा ओ-रिंग, कंडेन्सर किंवा कॉम्प्रेसरच्या सीलजवळ. ती न शोधता दरवर्षी गॅस भरणं हा ग्राहकाच्या खिशाला चाट आहे. शिवाय हवेत सुटलेला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो. नव्वदच्या दशकातल्या आर-१२ वाल्या गाड्यांत तर नुसता गॅस बदलून भागत नाही. जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून ऑइल आणि ड्रायरही बदलावे लागतात. मेकॅनिक लीक टेस्ट आणि व्हॅक्यूम न करता थेट सिलिंडर जोडत असेल, तर गाडी तिथून काढलेली बरी.