चेंडूची बेगमी

मंडळी, मार्चअखेर घड्याळं एक तास पुढे गेली की आपल्या घरांतल्या पोरांना क्रिकेटचे वेध लागतात. कौंटीचा मोसम तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. यंदा संघात कोण, याची चर्चा सगळे करतात. चेंडू मात्र गृहीत धरला जातो. आमच्यासारख्या इंजिनिअर माणसाला खरी गंमत तिथेच वाटते!

इथल्या कसोटी आणि कौंटी सामन्यांचा ड्यूक्स चेंडू. या नावाचा धंदा १७६० साली केंट परगण्यात सुरू झाला. आज कारखाना लंडनच्या वॉल्थमस्टो भागात आहे आणि १९८७ पासून त्याचे मालक आहेत आपल्या बंगळूरचे दिलीप जाजोदिया. म्हणजे इंग्रजांचा हा लाडका चेंडू गेली कित्येक वर्षं एका भारतीयाच्या हाताखालून जातो, बरं का!

आत बूच आणि रबर, वर चामड्याचे चार तुकडे, आणि शिवणीच्या सहा ओळी, त्याही हाताने घातलेल्या. वजन १५६ ते १६३ ग्रॅमच्या आत बसलंच पाहिजे. नियम असे काटेकोर, पण कच्चा माल म्हणजे जनावराचं कातडं. दोन जनावरांचं सोडाच, एकाच जनावराच्या पाठीचं आणि पोटाचं कातडंही सारखं नसतं. ते कमावायचं, रंगवायचं, कापायचं, शिवायचं. यातलं काहीही घाईने उरकता येत नाही. म्हणून एप्रिलचा चेंडू आधीच्या हिवाळ्यात घडवावा लागतो. आपल्या आया-आज्या वैशाखात पापड-कुरडया घालून पावसाळ्याची बेगमी करायच्या ना, तसंच हे.

आणि पापडाची खोड याच्यातही आहे. पापड बिघडला हे तळल्याशिवाय कळत नाही! २०२२ च्या मोसमात चेंडू लवकर मऊ पडतो, आकार सोडतो अशी ओरड झाली. कोविडच्या काळात चामडं कमावताना किंवा रंगवताना काही फरक पडला असावा, असा जाजोदियांचा अंदाज होता. पण तो उमगेपर्यंत मोसम सुरू झालेला. २०२५ च्या जुलैत लॉर्ड्‌सवर दुसरा नवा चेंडू साधारण दहा षटकांतच बदलावा लागला, बदलून आलेलाही टिकेना, आणि आपला कर्णधार शुभमन गिल पंचांवर चांगलाच वैतागला. त्यानंतर वापरलेले चेंडू तपासणीसाठी कारखान्याकडे परत पाठवायचं ठरलं.

हे पाऊल मला फार मोलाचं वाटतं. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली चूक रातोरात दुरुस्त करता येते. इथे जुलैत तक्रार आली तेव्हा मोसमाचा माल बराचसा तयार असतो. ती दूर करायची संधी पुढच्या हिवाळ्यात, आणि तेव्हा हाताशी पुरावा हवा. ‘चेंडू बेकार होता’ एवढ्याने कारागिराला काहीच कळत नाही. कितव्या षटकात बिघडला? मैदान ओलं होतं का? शिवण उसवली, की चेंडूच चपटला? हे सांगितलं तर उपयोग.

तेव्हा आपल्या क्लबातल्या चिरंजीवांना आणि कन्यारत्नांना माझं एक सांगणं. यंदा बिघडलेला चेंडू रागाने झुडपात भिरकावू नका. त्यावर तारीख आणि षटक लिहा, आणि क्लबच्या सेक्रेटरीकडे द्या. पुढच्या मोसमाचे चेंडू मागवताना त्यांना तो दुकानदारापुढे ठेवता येईल.