पांढरा गणवेश आणि कायदा

परिचारिकेचा विषय निघाला की आपल्याकडे 'सेवा', 'त्याग', 'मायेचा हात' असे शब्द ओठांवर येतात. खरे सांगायचे तर आम्हांला आता या शब्दांचा वीट आला आहे. त्यांच्या आड फार काही झाकले जाते.

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणाचा निकाल दिला. दिल्लीतील एका खासगी रुग्णालयात एका बालकाच्या शिरेत क्लोरोक्वीनचे इंजेक्शन दिले गेले. बालक तत्क्षणी कोसळले, त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणारी 'नर्स' मुळात प्रशिक्षितच नव्हती. कोणत्याही राज्याच्या परिचर्या परिषदेत तिचे नाव नव्हते. ते काम निवासी डॉक्टरने स्वतः करायचे होते. त्याने ते तिच्यावर ढकलले. न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले आणि बालकाला साडेबारा लाख, आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई कायम केली. मालकाला हात झटकता आले नाहीत, हे योग्यच झाले.

परंतु त्या हाताचे काय? डॉक्टरांनी सांगितले म्हणून टोचले, हा बचाव नीतीच्या दरबारात टिकत नाही. औषध, मात्रा, मार्ग यांची खात्री नसेल तर नकार देणे हे परिचारिकेचे कर्तव्यच होय. तो नकार ज्ञानातून येतो. सहा महिन्यांच्या शिकवणीतून नव्हे.

आणि आम्ही? धर्मग्रामातील मुलगी नर्सिंग होममध्ये लागली की पगार किती, एवढेच विचारतो. तिच्या नोंदणीचा क्रमांक किती घरांत विचारला जातो?